शिकवणी एकाच बाजूला का?

विशेष गरजा असलेल्या मुलासाठी शाळेत एक कागद तयार होतो, त्याला सगळे ‘आयईपी’ म्हणतात. वर्षभरात मुलाने काय काय गाठायचं ते त्यात रकाने पाडून लिहिलेलं असतं. आठ वर्षांच्या एका ऑटिस्टिक (स्वमग्न) मुलाचा असा कागद माझ्यासमोर आहे. ‘हाक मारल्यावर पाचपैकी चार वेळा नजरेला नजर देईल.’ ‘पाहुण्यांना न सांगता नमस्कार करेल.’ ‘मधल्या सुट्टीत हात झटकणं कमी करेल.’ ‘मित्राला स्वतःहून, कसा आहेस, असं विचारेल.’ सगळ्या वाक्यांचा कर्ता तोच. वर्गातल्या बाईंनी काय शिकायचं, बाकावरच्या शेजाऱ्याने काय, पीटीच्या सरांनी त्याच्या कानाशी शिट्टी फुंकायची की नाही, यासाठी रकानाच नाही.

कागद करणाऱ्या बाईंच्या मनात काही वाईट नव्हतं. उलट एवढं तपशिलात लिहिणारी शाळा आपल्याकडे मिळणं हेच नशीब. पण या कागदात एक गोष्ट न बोलता धरून चाललेली आहे: दोघांमधला संवाद फसला तर तो एकामुळेच फसतो, आणि दुरुस्त व्हायचं तेही त्यानेच. ही समजूत चुकीची आहे असं मला वाटतं. ती शास्त्राच्या आधाराने रुजली, हे खरं. पण गेल्या दहा-पंधरा वर्षांत शास्त्रानेच तिचा पाया हलवला आहे, आणि आपल्या कायद्याने तर दुसऱ्या बाजूला शिकवायची जबाबदारी केव्हाच नेमून दिली आहे.

ही समजूत आली कुठून ते आधी पाहू. १९८५ साली सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी लंडनमध्ये एक छोटा प्रयोग केला. दोन बाहुल्या, सॅली आणि ॲन. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. ती नसताना ॲन गोटी काढून खोक्यात ठेवते. सॅली परत आल्यावर गोटी कुठे शोधेल? ‘टोपलीत’ हे बरोबर उत्तर, कारण गोटी हलवल्याचं सॅलीला ठाऊक नाही. २० ऑटिस्टिक मुलांपैकी १६ जणांनी खोक्याकडे बोट दाखवलं. डाऊन सिंड्रोम (जन्मजात बौद्धिक दिव्यांगत्व) असलेल्या १४ मुलांपैकी १२ जणांचं उत्तर बरोबर आलं. यावरून निघालेला निष्कर्ष जगभर गेला: ऑटिस्टिक माणसाला दुसऱ्याच्या मनात काय आहे ते कळत नाही. बरोबर उत्तर देणारी चार मुलं संशोधकांनी नोंदवली होती, पण निष्कर्षाने प्रवास केला तो त्यांना मागे ठेवून. पाठ्यपुस्तकांतून तो दवाखान्यांत आला, दवाखान्यांतून घराघरांत, आणि घरात येईपर्यंत त्याचं ‘त्याला भावनाच नाहीत हो’ असं होऊन गेलं होतं. प्रयोग करणाऱ्यांनी असं काही म्हटलेलं नव्हतं.

उलटा प्रश्न मात्र बराच काळ कुणाच्या डोक्यात आला नाही. त्या मुलाला सॅलीचं मन कळत नसेल, पण समोर बसलेल्या माणसाला त्या मुलाचं मन कितपत कळत होतं?

हा प्रश्न नेमका मांडला डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने, २०१२ साली. मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत आणि एका ऑटिस्टिक मुलाचे वडीलही. त्यांचं म्हणणं साधं आहे. समजून घेणं ही एकाच्या डोक्यात असणारी किंवा नसणारी वस्तू नव्हे, ती दोघांमध्ये घडते. जगाचा अनुभव फार वेगळ्या तऱ्हेने घेणारी दोन माणसं समोरासमोर आली की अडखळतात दोघंही. फरक इतकाच की बहुसंख्याकांचं अडखळणं कुणी मोजत नाही, कारण मोजपट्टी त्यांच्याच हातात असते. याला त्यांनी दुहेरी सहानुभूतीचा प्रश्न म्हटलं.

मिल्टन यांचा लेख तात्त्विक होता, आकडे नंतर आले. २०१६ साली ब्रिटनमध्ये झालेल्या एका अभ्यासात काही माणसांचे छोटे व्हिडिओ प्रेक्षकांना दाखवले. त्यात कुणाला विनोद सांगितला गेला होता, कुणाची तारीफ केली होती, कुणाला नुसतं ताटकळत ठेवलं होतं. चेहरा पाहून ओळखायचं की याच्यासोबत काय घडलं असेल. ऑटिस्टिक चेहऱ्यांवरचे भाव कमी होते अशातला भाग नव्हता, प्रेक्षकांनी स्वतःच तसं सांगितलं. तरी बहुतेक प्रसंग त्यांना त्या चेहऱ्यांवरून नीट ओळखता आले नाहीत.

पुढच्याच वर्षीचं नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांचं अमेरिकेतलं काम मला जास्त अस्वस्थ करतं. ऑटिस्टिक आणि ऑटिस्टिक नसलेल्या लोकांच्या काही सेकंदांच्या चित्रफिती, ध्वनिफिती, छायाचित्रं लोकांना दाखवली आणि विचारलं: याच्याशी बोलायला आवडेल? याच्याशेजारी बसाल? ऑटिस्टिक व्यक्तींबद्दलचं मत काही क्षणांतच खाली गेलं, आणि जास्त वेळ पाहूनही सुधारलं नाही. मात्र त्यांचं बोलणं जसंच्या तसं कागदावर उतरवून नुसतं वाचायला दिलं, तेव्हा फरक उरलाच नाही. म्हणजे ते काय बोलत होते याला कुणाची हरकत नव्हती. नापसंत होता तो आवाजाचा चढउतार, नजर, हातांची हालचाल. पूर्वग्रह म्हणतात तो हाच. यात द्वेष असावा लागत नाही, चांगली सुसंस्कृत माणसंही हे करतात आणि केल्याचं त्यांच्या लक्षातही येत नाही.

हे अमेरिकेतलं झालं. आपल्याकडे तर माणूस पारखण्याची सगळी मदार अशाच गोष्टींवर असते. पाया पडला का, हसून बोलला का, ‘काका, कसे आहात?’ म्हणाला का. यातला निम्मा व्यवहार आपण आडवळणाने करतो. ‘बघू’ म्हणजे नाही. ‘येऊन जा कधीतरी’ म्हणजे येऊ नका असं नव्हे, पण न कळवता आलात तर पंचाईत. चहाला पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचं असतं, दुसऱ्यांदाही, तिसऱ्यांदा ‘अर्धा चालेल’. हे नियम कुठे लिहिलेले नाहीत आणि आपल्याला ते कुणी शिकवलेले आठवत नाहीत, त्यामुळे ते नियम आहेत हेच आपण विसरून गेलोय.

माझ्या ओळखीचा एक सव्वीस वर्षांचा मुलगा पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. एकदा दुपारी त्याच्या टीम लीडचा मेसेज आला: ‘जमलं तर आज तो रिपोर्ट बघून ठेव.’ मुलाकडे त्या दिवशी संपवायचं दुसरं काम होतं. त्याने ते संपवलं, सहा वाजता ‘जमलं नाही’ असं उत्तर पाठवलं आणि बस पकडून घरी गेला. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट क्लायंटसमोर जायचा होता. हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं, कारण ‘जमलं तर आज’ यातच ते सांगितलेलं आहे अशी लीडची समजूत होती. वर्षअखेरीच्या अप्रेझलमध्ये शेरा आला: कोडिंग उत्तम, ॲटिट्यूड सुधारावा. आता यात कुणाला कुणाचं मन कळलं नाही? मुलाला लीडचं कळलं नाही हे खरंच. पण समोरचा माणूस वाक्याचा सरळ अर्थ घेतो हे दोन वर्षं एकत्र काम करून लीडलाही कळलेलं नव्हतं. शेरा मात्र एकाच्याच नावावर पडला.

गंमत म्हणजे सरळ बोलणं आपल्याला आवडतं, पण पाटीवर. ‘दुपारी एक ते चार बेल वाजवू नये’ अशी पाटी दिसली की आपण हसतो, फोटो काढून ग्रुपवर पाठवतो, पुणेरी बाणा म्हणून मिरवतो. तेच वाक्य एखाद्या ऑटिस्टिक मुलीने दारात उभं राहून मावशीला म्हटलं की ती उद्धट, आणि आईने वळण लावलेलं नाही.

आईवरून आठवलं, दोष तिच्यावर टाकण्याचीही परंपरा जुनी आहे. ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६० च्या दशकात आयांचा थंडपणा हे ऑटिझमचं कारण ठरवलं. संशोधनाने ते केव्हाच निकालात काढलं. लसीमुळे ऑटिझम होतो असं सुचवणारा १९९८ चा ‘लॅन्सेट’मधला लेख त्या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. तरी आपल्याकडे ‘आई नोकरीला जाते’, ‘मोबाइल हातात दिला’, ‘घरात दुसरं मूल नाही’ हे आजही सर्रास ऐकू येतं. आणि याच्या बरोबर उलट, ‘मुलगे उशिराच बोलतात, त्याचा बापही चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता’ म्हणून ऑटिझमचं निदान करून घेणं दोन-दोन वर्षं लांबवायचं. एका तोंडाने घाबरवायचं, दुसऱ्याने दुर्लक्ष करायला सांगायचं, आणि दोन्ही तोंडं बहुधा एकाच घरातली.

दुसऱ्या बाजूचे पूर्वग्रह झाकून ठेवायचं कारण नाही. ऑटिस्टिक लोकांमध्येही बाकीच्यांबद्दल एक ठरीव मत ऐकू येतं: ही माणसं खोटारडी, मनात एक आणि तोंडावर एक, गप्पा म्हणजे वेळेचा अपव्यय. हेही तितकंच उथळ आहे. ‘जेवलात का?’ विचारणाऱ्याला तुमच्या ताटाचा हिशेब नको असतो, पण म्हणून तो खोटं बोलत नसतो. नातं शाबूत आहे ना, एवढं तो चाचपून बघत असतो. हे एकदा कुणी न चिडता समजावलं तर बहुतेकांना पटतं. पण दोन पूर्वग्रहांची किंमत सारखी नसते. ऑटिस्टिक माणसाने शेजाऱ्याला ढोंगी ठरवलं तर शेजाऱ्याचं काही अडत नाही. शेजाऱ्यांनी, शाळेने, एचआरने त्याला विचित्र ठरवलं तर त्याचा प्रवेश जातो, नोकरी जाते, भाड्याचं घर जातं. म्हणून पहिलं पाऊल कुणी उचलायचं याचं उत्तर ‘दोघांनी निम्मं-निम्मं’ असं मला देता येत नाही. एक बाजू तिच्या वाट्याचं कधीच करून बसली आहे. बालवाडीपासून ती नजर द्यायला, हात आवरायला, हसायला शिकतेच आहे. या सततच्या सोंगाला ऑटिस्टिक लोक मास्किंग म्हणतात. दिवसभर ते करून घरी आल्यावर बोलायचंही त्राण उरत नाही, हे त्यांच्यापैकी कुणालाही विचारलं तरी कळेल. ब्रिटनमधल्या २०१८ च्या एका अभ्यासात या मास्किंगचा संबंध आत्महत्येच्या विचारांशीही आढळला.

मिल्टन यांच्या सिद्धांतावर दोन आक्षेप येतात आणि दोन्हींत तथ्य आहे.

पहिला पुराव्याचा. एडिंबरामधल्या कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये कानगोष्टींसारखा प्रयोग केला. आठ जणांची साखळी, पहिल्याने ऐकलेली गोष्ट दुसऱ्याला सांगायची, दुसऱ्याने तिसऱ्याला. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच शाबूत पोहोचली जितकी एकही ऑटिस्टिक नसलेल्या साखळीत. मिश्र साखळीत मात्र ती जास्त गळाली. हा निकाल फार गाजला, भाषणांतून अजूनही सांगितला जातो. त्याच संशोधकांनी पुढे बरीच जास्त माणसं घेऊन प्रयोग पुन्हा केला आणि २०२५ मध्ये निकाल छापला, तेव्हा तिन्ही साखळ्यांत फरक दिसला नाही. काहींना यात सिद्धांताचा पराभव दिसतो. मला उलटं वाटतं. ऑटिस्टिक माणसाला माहिती पोहोचवता येत नाही, हा आरोप दोन्ही वेळा खोटा ठरला. आणि मिश्र गटही नीट चालू शकतो असं दिसत असेल, तर सहवास अशक्य नाही असाच त्याचा अर्थ. गेला असेल तर तो ‘ऑटिस्टिक माणसांचं फक्त आपसांतच जमतं’ हा अतिउत्साही दावा, आणि त्याचं जाणं बरंच झालं.

दुसरा आक्षेप जड आहे. तो बहुधा आईवडिलांकडून येतो. आमचा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, बोलत नाही, स्वतःच्या मनगटाला चावे घेतो, रात्री दोनला उठून दारावर डोकं आपटतो. तुमची परस्पर-समजुतीची चर्चा ज्यांना बोलता येतं, ज्यांना नोकऱ्या आहेत त्यांची. आम्हाला थेरपी हवी आहे, सेंटर हवं आहे, आमच्यामागे याचं कोण बघणार याचं उत्तर हवं आहे. हे सगळं खरं आहे. मिल्टन यांचा सिद्धांत बोलत्या, लिहित्या प्रौढांच्या अनुभवातून आला, आणि आधाराची गरज ही कल्पना नाही. ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच थेरपी यांच्या मी विरोधात मुळीच नाही.

पण समोरच्याने वाचायला शिकणं सगळ्यात निकडीचं आहे ते याच मुलाच्या बाबतीत. न बोलणारा माणूस अचानक चावे घेऊ लागला, तर दाढ दुखते आहे का, कान ठणकतो आहे का, पोट साफ झालं आहे का, हे आधी बघावं असं जाणते डॉक्टर सांगतात. ठणकणारी दाढ त्याला दाखवता येत नाही, ती चाव्यातून दिसते. प्रत्यक्षात घडतं काय? ‘ऑटिझममुळे वाढलंय’ म्हणून शांत करणाऱ्या औषधाचा डोस वाढतो आणि दाढ तशीच राहते. दातांचे डॉक्टर अनेकदा तोंडात बघायचंच टाळतात, ‘तो बसणार नाही’ म्हणून. तो बसत नाही हे खरं, पण त्याला आधी एकदा नुसतं खुर्ची बघायला बोलवावं, ड्रिलचा आवाज दुरून ऐकवावा, दिवा डोळ्यांवर मारू नये, हे त्या डॉक्टरांना शिकताना कुणी सांगितलेलं नसतं. ही शिकवणी कमी पडली, आणि कमी पडली ती डॉक्टरांच्या बाजूला.

मग उपाय काय, तर ‘ऑटिझमचं निदान उघड सांगा’ असं हल्ली सुचवलं जातं. त्याला आधारही आहे. सॅसन यांच्याच २०१९ च्या अभ्यासात निदान सांगितल्यावर लोकांचं पहिलं मत सुधारलेलं दिसलं, आणि ऑटिझमची माहिती असलेल्यांचं अधिक. पण आपल्याकडे सांगण्याची किंमत संपूर्ण घर मोजतं. बहिणीचं लग्न ठरेपर्यंत भावाचं निदान बोलायचं नाही, ही कितीतरी घरांतली रीत आहे. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढायला लोक का कचरतात याचं एक मोठं कारण तेच. आधी माहिती पसरली पाहिजे, मग सांगण्यात अर्थ.

आणि माहिती म्हणजे २ एप्रिलला, जागतिक ऑटिझम दिनी, निळे दिवे लावणं नव्हे. सिनेमातला आकडेमोडीत अचाट बुद्धीचा नायकही नव्हे. सॅप या कंपनीने बंगळुरूच्या आपल्या केंद्रात सहा ऑटिस्टिक तरुणांना सॉफ्टवेअर तपासणीवर घेऊन सुरुवात केली आणि २०१३ मध्ये जगभरासाठी भरतीचा कार्यक्रम जाहीर केला. तो चांगलाच झाला. पण त्यातून ‘हे लोक चुका शोधण्यात पटाईत’ असा नवाच साचा तयार झाला. ज्याला संगणकात रस नाही, ज्याला बागेत काम करायचं आहे किंवा टपाल छाटायला आवडेल, तो पुन्हा बाहेरच. कौतुकही पूर्वग्रहच असू शकतो.

आता कायद्याकडे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्के आरक्षणापैकी १ टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांत मिळून आहे. एवढं अनेकांना ठाऊक असतं. कलम ४७ फारसं कुणी वाचत नाही. पंचायत सदस्य, लोकप्रतिनिधी, प्रशासकीय अधिकारी, पोलीस, न्यायाधीश, वकील यांच्या प्रशिक्षणात दिव्यांगांच्या हक्कांचा विषय सक्तीचा करावा आणि शिक्षक, डॉक्टर, परिचारिका, आशा व अंगणवाडी सेविका, इंजिनिअर, वास्तुरचनाकार यांच्या अभ्यासक्रमांत दिव्यांगत्व हा घटक असावा, असं ते सांगतं. म्हणजे दुसऱ्या बाजूची शिकवणी ही आमच्यासारख्यांची भाबडी मागणी नाही, संसदेने संमत केलेली तरतूद आहे.

ती अमलात नसली की काय होतं याचं उदाहरण मे २०२२ मध्ये रांचीच्या विमानतळावर दिसलं. घाबरलेल्या एका दिव्यांग मुलाला विमानात चढू दिलं नाही. मुलगा इतरांना धोकादायक ठरेल असं तिथल्या कर्मचाऱ्यांना वाटलं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने विमान कंपनीला ५ लाखांचा दंड केला आणि करुणेने हाताळलं असतं तर मूल शांत झालं असतं, असं स्पष्ट म्हटलं. त्यानंतर नियमात जी दुरुस्ती झाली ती अशी: प्रवासात तब्येत बिघडेल असं वाटलं तर परस्पर नाकारू नका, आधी डॉक्टरांकडून त्या प्रवाशाची तपासणी करून घ्या. पूर्वीपेक्षा बरं आहे, नाही असं नाही. पण तपासायचं कुणाला, तर पुन्हा प्रवाशालाच.

त्यामुळे मागणी मोघम जागृतीची नको, नेमकी हवी. बीएड आणि डीएडच्या विद्यार्थ्यांनी सर्वसाधारण शाळेतल्या ऑटिस्टिक मुलांसोबत काही आठवडे प्रत्यक्ष काढावेत, नुसता धडा वाचून गुण मिळवू नयेत. त्यांना शिकवायला ऑटिस्टिक प्रौढांना मानधन देऊन बोलवावं. दंतवैद्यकाच्या शिक्षणात न बोलणारा रुग्ण तपासण्याचा सराव असावा. आरक्षित १ टक्क्याच्या जागांसाठी मुलाखत असेल तिथे प्रश्न आदल्या दिवशी लेखी द्यावेत, उत्तर लिहून द्यायची मुभा असावी, आणि जिथे कामाचा नमुना करून घेता येतो तिथे तोच बघावा. ब्रिटनमध्ये काही ठिकाणी प्रश्न आधी पाठवतातही. कायद्याच्या व्याख्येनुसार वाजवी सोय नाकारणं हाच भेदभाव आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या यूपीएससीविरुद्धच्या खटल्यात हेच ठासून सांगितलं.

यावर हमखास येणारा प्रश्न: मग उद्या सगळेच उमेदवार प्रश्न आधी मागतील, त्याचं काय? मागू देत. मुलाखतीतून काम येतं की नाही हे तपासायचं असेल, तर प्रश्न आधी कळल्याने ती तपासणी बिघडत नाही. बिघडते ती फक्त हजरजबाबीपणाची परीक्षा, आणि हजरजबाबीपणा बहुतेक पदांच्या जाहिरातीत मागितलेलाच नसतो.